शोधशब्दांची चुरस कशी ओळखावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी उद्योग विभागाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी व्याख्यानाला आरोग्य, बालसंगोपन किंवा एखाद्या संतकवयित्रीचे चरित्र असा विषय असावयाचा. चिटणीसबाईंनी या खेपेस मला मुद्दाम निराळा विषय नेमून दिला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

आपल्या उद्योग विभागाने वेबसाइट उघडली. तिच्यावर फराळाचे जिन्नस, भाजण्या, मसाले, रुखवताचे सामान आणि मंगळागौरीच्या खेळांचा संच यांची माहिती घातली. पण बाहेरगावची मागणी म्हणावी तशी येत नाही. अशात एका गृहस्थांनी आपल्याकडे येऊन, ‘दिवाळी फराळ’ या शब्दाला गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी दिली आणि त्यासाठी बरीच मोठी रक्कम सांगितली. ती द्यावी की न द्यावी, हा प्रश्न येत्या कार्यकारिणीपुढे आहे. आता ही रक्कम येणार कोठून? पहाटे उठून भाजणी भाजणाऱ्या आणि दुपारभर चकल्यांचे घाणे काढणाऱ्या आपल्याच भगिनींच्या नफ्यातून. तेव्हा हात वर करण्यापूर्वी, एखाद्या शब्दासाठी चुरस किती आहे हे ओळखावयाचे कसे, ते आपण सर्वांनीच समजून घ्यावे हे बरे. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. बाजारात उभे राहून भाजी पारखणारी नजर आपणां सर्वांजवळ आहे, तीच येथे पुरते.

प्रथम शोधशब्द म्हणजे काय ते पाहू. मनुष्य गूगलच्या चौकटीत जे लिहितो किंवा बोलतो, तो त्याचा शोधशब्द. तो एक शब्द असेल, नाही तर ‘नागपूरला थालिपिठाची भाजणी घरपोच कोठे मिळेल’ असे पुरे वाक्यही असेल. त्याबरोबर शोधयंत्र आपल्या साठ्यातील पाने चाळते आणि त्यांची क्रमवारी लावते. गूगल ही कंपनी १९९८ साली निघाली. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात जी कल्पना मांडली, तिचे सार असे की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते पान भरवशाचे मानावे; आणि बोट दाखविणारा स्वतः वजनदार असेल, तर त्या शिफारशीचे वजन अधिक धरावे. पुढे क्रमवारीत पुष्कळ गोष्टींची भर पडली. पानावरचा मजकूर प्रश्नाला कितपत धरून आहे, विचारणारा कोणत्या गावचा आहे, पान मोबाइलवर नीट दिसते की नाही, असे अनेक विचार होतात. पण इतरांची शिफारस हा पाया अजून टिकून आहे.

म्हणजे चुरस होते ती मूठभर जागांसाठी. पहिल्या पानावर साधारण दहा जागा, आणि त्यांतही वरच्या तीनचारांकडेच लोकांची दृष्टी जाते. यावरून पहिला नियम निघतो. चुरस मोजताना एकूण बाजारात किती दुकाने आहेत हे मोजावयाचे नसते. ओट्यावरच्या त्या दहा जागांवर कोण बसले आहे, आणि त्यांच्यापैकी एकाला बाजूला सारून तेथे बसण्याइतके आपण समर्थ आहोत का, हे पाहावयाचे असते.

हा नियम न जाणल्यामुळे तीन खोटी मापे प्रचारात आली आहेत.

पहिले माप म्हणजे, गूगल ‘सुमारे इतके लाख निकाल’ म्हणून जो आकडा दाखविते तो. कोणी म्हणतात, ‘अबब, चाळीस लाख पाने! येथे आपला काय पाड लागणार?’ दुसऱ्या शब्दाला चाळीसच हजार दिसले की त्यांना वाटते, हे सोपे. पण तो आकडा केवळ ढोबळ अंदाज असतो; त्यातील बहुतेक पानांवर तो शब्द जाता जाता आलेला असतो. चाळीस लाखांपैकी पहिली दहा दुबळी असतील, तर काम सोपे आहे. चाळीस हजारांपैकी पहिली दहा बळकट असतील, तर अवघड आहे. यात्रेला लाख माणसे लोटली, म्हणून लाख जणांनी कुस्तीच्या आखाड्यात लंगोट कसला असे होत नाही. त्यातल्या त्यात उपयोगी युक्ती अशी की, शोधशब्दाच्या आधी ‘ऑलइनटायटल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, जोडून आणि पुढे अपूर्णविराम देऊन लिहावा. मग ज्या पानांच्या शीर्षकातच ते सगळे शब्द आहेत, तेवढीच पाने दिसतात. ही मंडळी मुद्दाम त्या विषयावर लिहिणारी असतात. तरीही ही मोजदाद झाली. ताकदीची पारख तिने होत नाही.

दुसरे माप अधिक फसवे आहे, कारण ते खुद्द गूगलच देते. जाहिरातदारांसाठी गूगलचे ‘कीवर्ड प्लॅनर’ नावाचे साधन आहे. त्यात प्रत्येक शब्दासमोर महिन्याकाठी साधारण किती वेळा तो शोधला जातो ते असते, आणि शेजारी ‘स्पर्धा’ म्हणून एक रकाना असतो. त्यात कमी, मध्यम किंवा जास्त असे लिहिलेले असते. पुष्कळ जणी तो वाचून शब्द निवडतात. पण भगिनींनो, ती स्पर्धा जाहिरातदारांची आहे. त्या शब्दावर पैसे मोजून जाहिरात लावू इच्छिणारे किती आहेत, एवढेच तो रकाना सांगतो. फुकट मिळणाऱ्या जागांची चुरस त्यातून कळत नाही. समजा, ‘पुरणपोळी कशी करावी’ या शब्दासमोर ‘कमी’ असे आले. ते साहजिकच आहे, कारण पाककृती विचारणाऱ्यापुढे जाहिरात लावून कोणाला काय विकावयाचे? पण फुकटच्या जागांवर मात्र मोठमोठ्या वर्तमानपत्रांची आणि पाककृतींच्या नावाजलेल्या वेबसाइटींची गर्दी असावयाची. उलट त्या रकान्याचा एक उपयोग आहे. जाहिरातदार ज्या शब्दाला चढा भाव देतात, त्या शब्दामागे गिऱ्हाईक आहे असे समजावे. त्याच साधनात जाहिरातीच्या भावाचेही रकाने असतात, ते त्या दृष्टीने वाचावे.

तिसरे माप म्हणजे ‘अवघडपणा’चा तयार आकडा. एचरेफ्स, सेमरश, मॉझ अशा कंपन्यांची साधने प्रत्येक शब्दाला शून्यापासून शंभरापर्यंत गुण देतात. जितके जास्त, तितके अवघड. हे आकडे निरुपयोगी नाहीत, पण प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे आहे. उदाहरणार्थ, एचरेफ्सचा आकडा मुख्यतः, पहिल्या दहा पानांना किती निरनिराळ्या वेबसाइटींनी दुवे दिले आहेत, यावर बेतलेला असतो. म्हणून एकाच शब्दाला एक साधन पंधरा म्हणते, तर दुसरे चाळीस. जसा एका सोनाराचा काटा दुसऱ्याशी जुळत नसेल, तर निदान सगळे डाग एकाच काट्यावर तोलावेत, तसे एकाच साधनाने दोन शब्दांची तुलना करावी. आणि हे आकडे गूगलचे नव्हेत, हेही ध्यानात असावे. मॉझची ‘डोमेन ऑथॉरिटी’ पुष्कळांच्या तोंडी असते, पण गूगल क्रमवारी लावताना ती वापरीत नाही.

मग खरी पारख कशी करावी? पहिले पान स्वतः उघडून पाहावे, हाच उत्तम मार्ग. आपल्या नेहमीच्या खात्यातून पाहू नये, कारण आपण पूर्वी काय पाहिले याची छाया निकालांवर पडू शकते. इन्कॉग्निटो म्हणतात ती खिडकी उघडावी. तरीही गावाप्रमाणे निकाल बदलतात. म्हणून परगावच्या लेकीसुनांनाही तोच शब्द शोधावयास सांगून छायाचित्र मागवावे. मग पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

एक : शोधणाऱ्याला काय हवे आहे? आन्द्रेई ब्रोडर या संशोधकाने २००२ साली शोधांचे तीन प्रकार सांगितले. कोणी माहितीसाठी शोधतो, कोणी ठराविक ठिकाणी पोहोचण्यासाठी, तर कोणी काही व्यवहार करण्यासाठी. पहिल्या पानावर सगळ्या पाककृती असतील, तर त्या शब्दाने येणाऱ्या बाईला पुरणपोळी करावयाची आहे, विकत घ्यावयाची नाही, असा गूगलचा अनुभव आहे. तेथे आपले विक्रीचे पान कितीही नटवले, तरी चढणे कठीण; आणि चढले तरी ती बाई विकत घेणार नाही.

दोन : दहा जागांवर कोण आहे? देशभर माल पाठविणारी मोठी दुकाने, वर्तमानपत्रे आणि विश्वकोश दहाही जागा अडवून असतील, तर नव्या वेबसाइटने तेथे शक्ती वेचू नये. पण त्या दहांत आपल्यासारखी दोनतीन लहान गृहोद्योगांची पाने असतील, तर ते शुभचिन्ह समजावे. त्यांना जागा मिळाली, तर आपल्यालाही मिळेल.

तीन : ती पाने प्रश्नाला नेमके उत्तर देतात का? शोधणारीने ‘उपवासाची भाजणी’ विचारली आणि पाने साध्या भाजणीची निघाली, किंवा शीर्षकात तो शब्दच नाही, किंवा माहिती चार ओळींत उरकली आहे, किंवा वर्षानुवर्षे पानाला हात लागलेला नाही, तर तेथे उणीव आहे. अशी उणीव हीच आपली संधी.

चार : त्या पानांना कोणाकोणाची शिफारस आहे? वर सांगितलेल्या साधनांनी दुव्यांची संख्या कळते. वेबसाइट मोठी असूनही तिच्या त्या विशिष्ट पानाला कोणीच दुवा दिलेला नसेल, तर ते पान दिसते तितके भक्कम नसते.

पाच : फुकटच्या जागा उरतात तरी किती? वर जाहिराती, मग नकाशा, मग चलच्चित्रे, आणि आता कृत्रिम बुद्धीने तयार केलेले उत्तर. गूगलने हे उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये भारतातही सुरू केले. निव्वळ माहितीच्या प्रश्नांना पानाच्या माथ्यावरच उत्तर मिळाले, की पुष्कळ जण खाली येतच नाहीत. म्हणून माहितीच्या शब्दात चुरस कमी दिसली, तरी त्यातून पदरात किती पडेल याचाही विचार करावयास हवा.

या पाच प्रश्नांवर ‘दिवाळी फराळ’ हा शब्द घासून पाहा. शोधणारे पुष्कळ, यात वाद नाही. परंतु त्यात पाककृती हवी असणारी आहे, निबंध लिहावयाचा आहे ती शाळकरी मुलगी आहे, चित्र हवे आहे असे कोणी आहे, आणि विकत घेणारीही आहे. मोठ्या विक्रेत्यांच्या जाहिराती वर आहेतच. म्हणजे गर्दी प्रचंड, जागा थोड्या, आणि येणाऱ्यांपैकी आपले गिऱ्हाईक किती याचा पत्ता नाही. आता त्याच्या शेजारी ‘भाजणीच्या चकल्या परदेशी पाठविणे’ किंवा आपल्या गावाचे नाव जोडून ‘मंगळागौरीचे खेळ करणारे मंडळ’ हे शब्द ठेवा. शोधणारे थोडे, पण प्रत्येकाला तेच हवे आहे, आणि चुरशीत बहुधा आपल्यासारख्याच संस्था आहेत.

येथे एक छोटे गणित करू. समजा, मोठा शब्द महिन्याला हजार जण शोधतात, पण आपण पाचव्या पानावर आहोत. तर आपल्याकडे येणारे जवळजवळ शून्य. समजा, लहान शब्द तीसच जण शोधतात, पण आपण वरच्या तिघांत आहोत आणि आठ जण येतात. त्यातील दोघांनी मागणी दिली, तर दोन मागण्या हाती. असे पंधरा लहान शब्द सांभाळले तर? क्रिस अँडरसन या लेखकाने २००४ साली ‘वायर्ड’ मासिकातील लेखात हाच विचार मांडला की, थोडथोडक्या खपाच्या असंख्य वस्तूंची बेरीज मोठ्या खपाच्या मोजक्या वस्तूंशी बरोबरी करू शकते. शोधाच्या बाबतीतही तसेच आहे. गूगलने अनेकदा सांगितले आहे की, रोजच्या शोधांपैकी सुमारे पंधरा टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात. लोक आपल्या गरजा आपापल्या शब्दांत मांडतात; ते शब्द ओळखणे यातच कसब आहे.

मराठीत तर ही संधी अधिक मोठी आहे. एकच वस्तू आपण किती नावांनी ओळखतो! गोडा मसाला काही घरी काळा मसाला म्हणून ओळखला जातो, तर दुसरीकडे काळा मसाला म्हणजे निराळाच, झणझणीत प्रकार. कोणी ‘थालिपीठ’ लिहिते, कोणी ‘थालीपीठ’. पुष्कळ जण, विशेषतः परदेशातील आपली मुले, मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात, आणि तेही प्रत्येक जण आपापल्या परीने. या प्रत्येक रूपाची चुरस वेगळी असते, म्हणून प्रत्येकाचे पहिले पान वेगळे तपासावे. कित्येक मराठी शब्दांसमोर साधने शून्य दाखवितात. त्याने खचून जाऊ नये. आकडा शून्य म्हणजे विचारणारे कोणीच नाही, असे नव्हे. पुरेशी मोजदाद झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आपल्या दूरध्वनीवर महिन्यातून तीन बायका ‘मधुमेहींना चालणारे लाडू आहेत का?’ असे विचारीत असतील, तर तो शब्द खरा आहे, मग साधन काही म्हणो. गूगलच्या चौकटीत दोन अक्षरे लिहिताच खाली ज्या सूचना उमटतात, त्याही पाहाव्यात.

हंगामाचे भानही ठेवावयास हवे. ‘गूगल ट्रेंड्स’ या फुकट साधनात शब्दाची चढउतार वर्षभर पाहता येते. मात्र आपले सण पंचांगाप्रमाणे सरकतात. दिवाळी २०२३ साली नोव्हेंबरच्या मध्याला होती, तर २०२५ साली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि मंगळागौरी लांबल्या. तेव्हा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा घेऊन बसल्यास फसगत होईल; तुलना सणाशी सणाची करावी. आणि पान सणाच्या दोनतीन महिने आधी तयार असावे, कारण नव्या पानाला जागा मिळावयास वेळ लागतो.

गावापुरत्या शब्दांसाठी आणखी एक दार उघडे आहे. नकाशासोबत ज्या तीन संस्था दिसतात, त्यांसाठी ‘बिझनेस प्रोफाइल’ नावाची नोंद विनामूल्य करता येते. तेथे क्रम लावताना विचारलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहतो, असे गूगलच सांगते. अंतराच्या बाबतीत मुंबईचे बडे दुकान आपल्या पेठेत आपल्याला हरवू शकत नाही. पत्ता, वेळा आणि छायाचित्रे नीट भरावीत, आणि गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी.

आता त्या हमीकडे वळू. गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. मग हमी देणारे करतात काय? काही जण जो शब्द कोणीच शोधीत नाही, त्यावर पहिला क्रमांक दाखवितात. काही जण पानात तोच शब्द पन्नास वेळा कोंबतात, किंवा दुवे विकत घेतात. हे दोन्ही गूगलच्या नियमांविरुद्ध असून, पकडले गेल्यास वेबसाइट होती त्याहून खाली जाते. काही जण पानाच्या पोटात दडवलेल्या ‘कीवर्ड’ यादीचे पैसे घेतात. गूगलने तर २००९ सालीच जाहीर केले की ती यादी आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही. या क्षेत्रात प्रामाणिक माणसेही पुष्कळ आहेत. ती ओळखण्याची खूण ही की, ती आधी आपला माल, गिऱ्हाईक आणि गाव यांविषयी विचारतात, आणि कोणत्या शब्दाच्या नादी लागू नये हेही सांगतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे. ती रक्कम तूर्त हाती ठेवावी. उद्योग विभागाने एक वही घालावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत : शब्द, शोधणारीला काय हवे, पहिल्या दहांत कोण, उणीव कोणती, आणि आपण काय देऊ शकतो. दहा भगिनींनी प्रत्येकी पाच शब्द तपासले, की पन्नास शब्दांची पारख होईल. त्यातून दहाबारा निवडावेत. प्रत्येक विषयाला एकच चांगले पान करावे. एकाच शब्दासाठी दोन पाने केल्यास आपलीच आपल्याशी चुरस लागते. पानावर आपला अनुभव असावा : भाजणी किती दिवस टिकते, बरणी कशी ठेवावी, किती माणसांना किती किलो पुरते. ही माहिती बड्या दुकानांजवळ नाही, ती आपल्या हातांत आहे. मग गूगलच्याच ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात, कोणत्या शब्दांना आपण दिसलो, कितव्या जागी आणि किती जण आत आले, हे दर महिन्याला पाहावे. एखादा शब्द दुसऱ्या पानाच्या माथ्यावर येऊन अडकलेला दिसला, तर तेथे थोडे अधिक श्रम घ्यावेत. सहा महिन्यांत काही हाती न लागले, तर जाणत्या माणसाचा सल्ला पैसे देऊन जरूर घ्यावा. पण तेव्हा आपण वही पुढे ठेवून बोलू, आणि आपल्याला कोणी फसवू शकणार नाही.

भगिनींनो, मोठ्या नावामागे धावण्याचा मोह कोणाला होत नाही? पण ज्या दारी आपली वाट पाहणारे कोणी आहे, तेथे आधी जावे, हे शहाणपण आपल्याला नवे नाही. कार्यकारिणीत निर्णय घेताना या गोष्टींचा विचार व्हावा, एवढीच विनंती.